सळई, काठी आणि संस्कार : गोल्फचा फटका कशानं सुधारतो?

(परभणी इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला फाटकातच गाठलं. म्हणाले, सर, परभणी आणि गोल्फ? शंका रास्त आहे. अठरा होलच्या मैदानाला शंभर ते दोनशे एकर जमीन लागते आणि त्यावरचं गवत बारा महिने हिरवं ठेवायला पाणी लागतं. आपल्या भागात एवढी जमीन आणि एवढं पाणी कुणाकडं असेल, तर तो आधी काय लावील हे मी सांगायला नको. पण आपली पोरं आता पुण्यात आहेत, बंगळुरात आहेत, अमेरिकेत आहेत. कंपनीतले सहकारी खेळतात म्हणून तीही खेळायला लागली आहेत. ही व्याख्यानं ऑनलाइन ऐकणाऱ्यांकडून जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा आला. "गोल्फ शिकतोय. चेंडू सरळ जात नाही. नवा सेट घेऊ का?"

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. साठीनंतर पुण्यात ड्रायव्हिंग रेंजवर जायला लागलो, तेवढाच माझा खेळ. पण हा प्रश्न ऐकला आणि लक्षात आलं, की हा आमच्याच दुकानातला माल आहे. कौशल्य कुठं असतं? साधनात, हातात की डोक्यात? याचं उत्तर नीट मिळालं तर पैसेही वाचतात आणि फटकाही सुधारतो.

एक शब्द आधी ठरवून घेऊ. गोल्फच्या काठीलाही 'क्लब' म्हणतात आणि जिथं खेळतात त्या संस्थेलाही 'क्लब' म्हणतात. घोटाळा नको म्हणून मी काठीला काठीच म्हणणार आहे. तिला वर मूठ असते, मध्ये दांडा असतो आणि खाली चेंडूला लागणारं तोंड असतं. कुऱ्हाडीसारखंच.

चेंबूरची सळई

मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा. त्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांतली बरीच माणसं तिथं कॅडी म्हणून काम करत आली आहेत. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा, चेंडू शोधणारा, अंतर सांगणारा माणूस. या पोरांनी काय केलं? बांधकामाची लोखंडी सळई घेतली, तिचं एक टोक वाकवून ठोकून तोंड बनवलं, दुसऱ्या टोकाला मुठीसाठी रबर चढवलं आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन गल्लीत खेळायला लागली. गल्लीतलाच एखादा खड्डा म्हणजे होल. देशोदेशीचे पत्रकार आणि छायाचित्रकार हा खेळ पाहायला येऊन गेले. यातले काही जण पुढं व्यावसायिक स्पर्धांत खेळले.

आता विचार करा. सळईला ना वजनाचा तोल, ना लवचीकपणा. गल्ली इतकी अरुंद, की चेंडू दोन हात बाजूला गेला तर कुणाच्या तरी भांड्यांवर जाऊन आदळणार. तरी फटका घडला. आणि दुसरीकडं लाखभराचा सेट घेऊन रेंजवर उभा राहिलेल्या माणसाचा चेंडू शेजारच्या पट्ट्यात जातो. म्हणजे साधनाला काही किंमतच नाही, असं म्हणायचं का? तसंही नाही. घाई करू नका.

कणादांचं मुसळ

आपल्याकडं वैशेषिक दर्शनात कणादांनी हालचालीचा विचार केला आहे. त्यांची उदाहरणं बघा. हातानं उचललेलं मुसळ, उखळात आपटून उसळणारं मुसळ, धनुष्यातून सुटलेला बाण. बाणाला पहिला धक्का धनुष्याचा. मग तो पुढं का जात राहतो? तर त्याच्यात 'संस्कार' निर्माण होतो म्हणून. आणि तो संस्कार संपला की जडपणामुळं बाण खाली पडतो.

पुढं प्रशस्तपादांनी या संस्काराचे तीन प्रकार सांगितले. वेग, स्थितिस्थापक आणि भावना. वेग म्हणजे फेकलेल्या वस्तूत राहणारी गती. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी किंवा धनुष्य पुन्हा मूळ जागी येतं तो गुण. आणि भावना म्हणजे अनुभवाचा मनात उरलेला ठसा, ज्याच्यामुळं आठवण होते. इथं भावना हा शब्द आपल्या रोजच्या अर्थानं घेऊ नका.

आता गोल्फचा फटका या तिघांवर ठेवून बघा. चेंडूत वेग असतो. काठीच्या दांड्यात स्थितिस्थापक असतो. आणि खेळाडूत भावना असते, म्हणजे सरावाचा ठसा. दुकानात यातला फक्त मधला विकत मिळतो. नवा सेट घेऊ का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आलं. उरलेलं निम्मं असं, की तो मधला संस्कार तुमच्या अंगाला जुळणारा नसेल, तर तो तिसऱ्याला बिघडवतो. म्हणून आधी साधनाचं बोलू.

दांडा, मूठ आणि तोंड

नियमानं पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. याचा अर्थ १४ घ्याव्यात असा नाही. शिकणाऱ्याला सहा-सात पुरतात. एक हायब्रिड किंवा वुड, दोन-तीन आयर्न (उदाहरणार्थ ६, ७ आणि ९ नंबर), एक पिचिंग वेज, एक सँड वेज आणि एक पटर. स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरोस लहानपणी समुद्रकाठच्या वाळूत एकाच काठीनं, तीन नंबरच्या आयर्ननं शिकला आणि पुढं पाच मोठ्या स्पर्धा जिंकला. एकाच काठीनं उंच, बुटके, जवळचे, लांबचे फटके मारायला लागले, की हाताला अक्कल येते.

पहिली गोष्ट तोंडाची. काठीचं तोंड मागं कललेलं असतं. त्याला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण १० ते १२ अंश, सात नंबरच्या आयर्नचा ३०च्या आसपास, सँड वेजचा ५४ ते ५६. चेंडू वर जातो तो या कलामुळं. नव्या खेळाडूला वाटतं, चेंडू आपण उचलायचा आहे. तो अंग मागं टाकतो, हात वर ओढतो, आणि काठी एक तर आधीच जमिनीत रुतते नाही तर चेंडूच्या डोक्यावर लागते. उचलण्याचं काम कारखान्यात आधीच झालेलं आहे. तुम्ही आयर्न खाली येऊ द्या, चेंडू वर जाईल.

दुसरी गोष्ट दांड्याची. स्टीलचा दांडा जड, ग्रॅफाइटचा हलका. लवचीकपणाचे प्रकार असतात. सीनियर, रेग्युलर, स्टिफ वगैरे. पण एका कंपनीचा रेग्युलर आणि दुसरीचा रेग्युलर सारखाच असेल असं नाही, त्यासाठी सगळ्यांना बांधणारं मोजमाप नाही. म्हणून छापलेल्या अक्षरावर जाऊ नका, मारून बघा. दांडा तुमच्या ताकदीला फार कडक असेल तर चेंडू बुटका आणि उजवीकडं जायची शक्यता जास्त, फार मऊ असेल तर तोंड केव्हा कुठं येईल याचा भरवसा राहत नाही. आपली माणसं "स्टिफ घेतो, ताकद वाढेल तसा उपयोगी पडेल" म्हणतात. लहान पोराला "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठा बूट घेतात, तसंच हे.

तिसरी गोष्ट मुठीची, आणि ही सगळ्यात स्वस्त आहे. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं डाव्या हातात काठी धरली, की मधल्या बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकावीत. टोकं तळव्यात रुतली तर मूठ बारीक आहे, टेकतच नसतील तर जाड आहे. रबर कडक आणि गुळगुळीत झालं, की हात आपोआप घट्ट आवळतो आणि फटका तिथंच आखडतो. आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन बघा. नाही भागलं तर नुसती मूठ बदलून घ्या. "सेट जुना झाला" अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांचं काम तेवढ्यावर होतं.

चौथी गोष्ट चेंडूची. नियमानं त्याचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. वरचे खळगे शोभेचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात गटापर्चाच्या गुळगुळीत चेंडूंपेक्षा टोचे पडलेले जुने चेंडू चांगले उडतात हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, त्यातून पुढं खळगे आले. शिकताना साधा दोन थरांचा स्वस्त चेंडू घ्या. भारी चेंडू तळ्यात गेला की जीव हळहळतो आणि पुढचा फटका भीतभीत बसतो.

पैशांचा क्रम सांगतो. आधी शिकवणीवर, मग रेंजवरच्या चेंडूंवर, मग उंचीला आणि हाताला जुळणारा वापरलेला सेट, आणि वर्षभरानंतरही आवड टिकली तर नवा सेट. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात.

गोफणीचा न्याय

आता फटका. ज्वारी हुरड्याला आली की रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायची असतात. ज्यांनी गोफण फिरवली आहे त्यांना गोल्फ निम्मा कळलेला आहे. गोफणीत दगड जोरानं जातो तो दंडाच्या ताकदीनं नाही. आधी पाय रोवले जातात, मग कंबर वळते, मग खांदा, मग हात, आणि सगळ्यात शेवटी गोफणीचा दगड. जो आधी हातानं ओढतो त्याचा दगड पायाशी पडतो.

गोल्फमध्ये हाच क्रम आहे. काठी मागं नेताना खांदे वळतात आणि वजन मागच्या पायावर येतं. खाली येताना सुरुवात खालून होते. कंबर, छाती, हात आणि शेवटी काठीचं तोंड. मनगट जितकं उशिरा सुटेल तितका वेग चेंडूजवळ मिळतो.

उभं कसं राहायचं? पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित सैल, वाकायचं ते कमरेतून, पाठीतून नाही. लहान काठीला चेंडू दोन पायांच्या मधोमध. काठी लांब होत जाईल तसा थोडा पुढच्या पायाकडं. ड्रायव्हर साधारण ४५ इंची असतो. त्याला चेंडू पुढच्या टाचेच्या रेषेत, कारण तिथं काठी वर जायला लागता लागता चेंडूला लागायला हवी. आयर्नचं उलट. आधी चेंडू, मग माती.

पकड कशी? काठी तळव्यात नाही, बोटांत धरायची. उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या तर्जनीवर ठेवतात ती पकड इंग्लिश चॅनलमधल्या जर्सी बेटावरच्या हॅरी व्हार्डनच्या नावानं ओळखली जाते. त्यानं ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकली. तोही लहानपणी कॅडी होता. जोर किती द्यायचा? हातातून काठी निसटू नये एवढाच. कोपरापासून मनगटापर्यंत शीर ताठ दिसली तर जास्त झाला असं समजा.

आणि लय. चांगल्या खेळाडूंची काठी मागं जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात ती खाली चेंडूपर्यंत येते. मागं जाताना मनात एक, दोन, तीन आणि खाली येताना एक. घाई बहुतेकांची होते ती वरच्या टोकाला, वळताना.

लक्ष कुठं ठेवायचं?

इथं खरा तात्त्विक प्रश्न येतो. एवढं सगळं ऐकल्यावर तुम्ही फटका मारताना कंबर, कोपर, मनगट, गुडघा सगळं आठवत राहाल. तसं केलंत तर फटका नक्की बिघडेल. का?

काठी वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी काही पाहून हातानं प्रतिसाद द्यायला जवळपास तेवढाच वेळ जातो. आणि तोंड चेंडूला चिकटून असतं ते सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. म्हणजे काठी खाली यायला लागली, की विचार करून दुरुस्ती करायला जागाच उरत नाही. तिथं जे काही चालतं ते आधी पडलेल्या ठशावर चालतं. भावना नावाच्या संस्कारावर.

गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९च्या आपल्या पुस्तकात 'काय आहे हे जाणणं' आणि 'कसं करायचं हे जाणणं' यांत फरक केला. हुशारीनं केलेली प्रत्येक कृती म्हणजे आधी मनात नियम वाचून मग केलेली कृती, हा समज त्यानं खोडून काढला. भाकरी थापणारी बाई मनात सूत्र म्हणत नाही, पण तिचा हात हुशार असतो.

याला प्रयोगाचाही आधार आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली नवशिक्यांवर गोल्फचाच प्रयोग केला. एका गटाला सांगितलं, हातांच्या हालचालीकडं लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, काठीच्या झोक्याकडं लक्ष द्या. दुसऱ्या गटाचे फटके जास्त अचूक निघाले, आणि नंतर सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही तेच दिसलं. म्हणून सरावात अंगाचा विचार एका वेळी एकच करा. आणि खेळताना लक्ष अंगाबाहेर ठेवा. काठीचा झोका, चेंडूपुढची गवताची काडी, किंवा जिथं चेंडू पडायला हवा ती जागा.

ठसा कसा पडतो?

भावना कशानं निर्माण होते, याची तीन कारणं प्रशस्तपाद देतात. पटु, अभ्यास आणि आदर. पटु म्हणजे तीव्र, ठसठशीत अनुभव. त्यांचं उदाहरण गमतीचं आहे. दक्षिणेकडच्या माणसानं पहिल्यांदा उंट पाहिला, की तो विसरत नाही. अभ्यास म्हणजे पुनरावृत्ती, आणि तिथं ते विद्या आणि शिल्पाबरोबर व्यायामाचाही उल्लेख करतात. आदर म्हणजे आस्थेनं, मन लावून घेतलेला अनुभव.

या तिघांना धरून सराव सांगतो. मैदान नसलं तरी होतो.

पटुसाठी : वावराच्या कडेला किंवा मोकळ्या जागेत चुन्याची एक रेघ ओढा. चेंडू ठेवू नका. रेघेवर चेंडू आहे असं समजून आयर्न फिरवा. माती उडाल्याची खूण रेघेच्या पुढं पडायला हवी. मागं पडली तर तुम्ही उचलायला गेलात. इथं पंच लागत नाही, निकाल जमिनीवर लिहिलेला असतो.

अभ्यासासाठी : दोन्ही पाय जुळवून अर्धा फटका मारा, वीस वेळा. जोर केला तर तोल जातो, त्यामुळं लय आपोआप येते. आणि घरात सतरंजीवर पटर. सहा फुटांवर स्टीलचा पेला आडवा ठेवा. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. गंमत बघा, क्रिकेटच्या बॅटची कमाल रुंदीही तेवढीच, १०.८ सेंटिमीटर. पेला त्याहून लहान, म्हणून सरावाला उत्तम. पार ७२च्या मैदानात ३६ फटके पटरचे धरलेले असतात, प्रत्येक होलला दोन. म्हणजे निम्मा खेळ सतरंजीवर सुधारू शकतो.

आदरासाठी : शंभर चेंडू धडाधड मारण्यापेक्षा तीस मारा. प्रत्येकाआधी मागं उभं राहून जागा ठरवा, आणि मारून झाल्यावर चेंडू पडेपर्यंत बघा.

आता चेंबूरच्या गल्लीकडं परत बघा. भांड्यांवर चेंडू गेला की शिव्या बसणार, हा पटु. रोजची संध्याकाळ, हा अभ्यास. आणि दिवसभर चांगल्या खेळाडूंच्या मागं पिशवी घेऊन चालताना त्यांचे फटके टक लावून पाहणं, हा आदर. तिन्ही कारणं तिथं हजर होती. सळई फक्त निमित्त.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वय ६५ आहे. आता सुरू करता येईल का?*

येईल. हलका ग्रॅफाइट दांडा घ्या, फटका तीन-चतुर्थांशच ठेवा, सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करा. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अठरा होल चालत खेळलात तर सहा-सात किलोमीटर चालणं होतं. खेळ नाही जमला तरी चालणं पदरात पडतं.

*नातवाला क्रिकेट खेळायचं आहे. बॅटीला हेच लागू होतं का?*

अगदी. महाग बॅट घेऊ नका, मोठी तर मुळीच घेऊ नका. वरच्या एका हातानं त्याला ती सहज उचलता यायला हवी. जड बॅटीनं पोरगं आडवं मारायला शिकतं आणि तो ठसा पुढं जात नाही.

*सर, तुम्ही सळईचं कौतुक केलं. हे गरिबीचं कौतुक नाही का?*

प्रश्न चांगला आहे, आणि टाळण्यासारखा नाही. सळईनं फटका दिला, पण मैदान दिलं नाही. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात एसएसपी चौरसियाचे वडील गवताची निगा राखायचे. तो मुलगा २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. १९९१ साली ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. ही नावं आपण अभिमानानं घेतो. पण कौशल्य असूनही कुंपणाच्या आत शिरता न आल्यामुळं ज्यांचं नाव झालं नाही, ते कितीतरी जास्त असणार. ठसा पडायला अनुभव लागतो आणि अनुभवाला जागा लागते. आपली शहरं ती जागा कुणाला देतात, हा प्रश्न सळईनं सुटत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. पुण्या-मुंबईत शिकायला जाल तेव्हा तिथल्या जुन्या कॅडीला विचारा. तुमच्या फटक्यात काय बिघडलंय ते तो दहा चेंडूंत सांगेल, कारण त्यानं हजारो फटके मागून पाहिले आहेत. त्याच्याकडून शिका. आणि शिकल्यावर त्याच्या हातात टीप ठेवू नका. शिक्षकाला देतात तशी ठरवून फी द्या.